चूक आढळली नाही

"ओळ संपू द्या."

कोणी हाक मारली, कोणी चहाला बोलावलं, मोठे साहेब स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहिले, तरी आमच्या सरांचं पहिलं उत्तर हेच असायचं. उजव्या हातातली सहा इंची स्टीलची पट्टी कागदावरच्या ओळीखाली धरलेली, आणि डावा तळहात आपल्यासमोर उभा, चौकातल्या पोलिसासारखा. ओळ संपली की पट्टी टेबलाच्या कडेला समांतर ठेवायची आणि मग म्हणायचं, "हं. बोला."

एकदा आग लागल्याच्या सरावाची घंटा वाजली. आम्ही सगळे जिन्याने खाली पळालो. ते चार मिनिटांनी शांतपणे उतरून आले. ओळ लांब होती, म्हणाले.

"सर, खरी आग असती तर फाइलीसकट तुमचीही तपासणी पूर्ण झाली असती," निखिल म्हणाला.

"नाही. पाणी शिंपडणारा पाइप माझ्याच टेबलाच्या वर, छताला आहे. मी आल्या दिवशी पाहून ठेवलंय."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बहुतेक ऑफिसांत असतो. आपण त्याच्यावर हसतो, आणि अडचण आली की त्याच्याचकडे जातो. आमच्या ऑफिसने मात्र त्यांचा जाहीर सन्मान केला. तो कसा झाला ते मी लिहून ठेवते आहे, कारण त्यात माझा हात होता.

आमचं ऑफिस खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आहे. घरकर्जाच्या फाइली बँका आमच्याकडे पाठवतात. ज्या जमिनीवर कर्जदाराचं घर उभं राहणार तिचा सातबारा, खरेदीखतं, आणि फेरफार, म्हणजे मालक बदलला की गावच्या दप्तरात होते ती नोंद. हे सगळे कागद एकमेकांशी जुळतात का, मधेच कोणाचं नाव गळलंय का, एवढंच आम्ही बघतो. पहिली तपासणी आम्ही बारा जण करायचो. अंतिम तपासणी त्यांची. त्यांची सही झाल्याशिवाय एकही फाइल बँकेकडे परत जात नसे. मी आले तेव्हा त्या खुर्चीवर त्यांना नऊ वर्षं झाली होती.

मी मेहकरची. वडील बाजार समितीत हमाली करायचे. घरात पदवी घेतलेली मी पहिली. शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा फॉर्म, फीमाफीचा फॉर्म, माझं सगळं आयुष्य फॉर्मवर उभं आहे. म्हणून छापील कागदाबद्दल मला अजूनही आदर वाटतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिल्याच आठवड्यात मी तपासून दिलेली एक फाइल त्यांनी परत आणली. ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाले, "ही बाई कुठे गेली?"

"कुठली बाई, सर?"

त्यांनी पट्टी ठेवली. एक म्हातारा वारला होता. त्याला तीन मुलगे, दोन मुली. वीस वर्षांनंतरच्या नोंदीत तीन मुलगे होते आणि एकच मुलगी.

"मेली असेल," मी म्हणाले.

"मृत्यूची नोंद दाखवा."

"नाहीये."

"हक्क सोडल्याचा कागद?"

"तोही नाहीये."

"मग ती आहे," ते म्हणाले आणि फाइल माझ्यासमोर ठेवून गेले.

त्या दिवसापासून मी काम शिकले. त्यांच्याइतकं नीट मला कॉलेजात कोणी काही शिकवलं नव्हतं. माझ्या वाढदिवसाला सकाळी दहाच्या ठोक्याला ते टेबलाशी यायचे आणि म्हणायचे, "आज तुमचा वाढदिवस आहे." शुभेच्छा वगैरे नाही. फक्त माहिती. माहिती दिली की परत जायचे. मला त्याचं फार बरं वाटायचं. आमच्या घरी कोणाचा वाढदिवस कोणाला पाठ नव्हता.

निखिल खराडी गावातला. आयटी पार्क झाले त्या जमिनींत त्याच्या भावकीचीही होती. तो नोकरी हौसेने करायचा आणि सरांशी भांडण रोज. मागे त्यांना 'स्कॅनर' म्हणायचा. आम्हीही म्हणायचो. पुढ्यात तो त्यांना सोडत नसे.

"अहो सर, माझ्या चुलत्याची जमीन हाय ती. मला सांगताय? लहानपणी पोहायचो तिथल्या विहिरीत."

"विहीर कागदावर आहे. तुमच्या चुलत्याच्या बहिणीची सही नाही."

"आत्या सासवडला असती. ती कशाला येतीय सही करायला."

"मग कर्ज मिळणार नाही."

"च्यायला, आत्याला विचारायला तुम्हीच जा."

"पत्ता द्या," सर म्हणाले. आणि खरंच पत्ता लिहून घ्यायला पेन काढलं.

अर्धा तास चालायचं हे. पण निखिल हरला की आत्याची सही घेऊन यायचा. एकदा त्याने आणि आणखी दोघांनी त्यांची पट्टी लपवली. सर दहा ते एक दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. कोणाला विचारलं नाही, शोधलं नाही. आम्ही तिकडे बघून हसू दाबत होतो. मीही होते त्यात. जेवणाच्या सुट्टीत निखिलने पट्टी आणून ठेवली. त्यांनी ती दुसऱ्या एका पट्टीशी लावून मोजली, आपलीच आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "तीन तास गेले. ते कोणाच्या नावावर लिहायचे?"

त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिले आणि संध्याकाळी तीन तास जास्त बसले.

आता पिवळ्या कव्हराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मंजूर होऊन गेलेल्या फाइलीत चूक राहिली असं बँकेने कळवलं, की ती फाइल रेकॉर्डमधून बाहेर निघायची. तिला पिवळं कव्हर चढायचं आणि ज्याने ती तपासली त्याच्याच टेबलावर ती यायची. काय चुकलंय ते त्याला सांगायचं नाही. त्याने स्वतः शोधायचं, चूकपत्रकावर लिहायचं, खाली सही करायची. नियम जुन्या साहेबांचा. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी सापडली तर माणूस ती पुन्हा करत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या टेबलावर दोन वर्षांत नऊ पिवळी कव्हरं आली. सरांच्या टेबलावर आजवर दोनच आली होती, आणि ती दोन्ही त्यांना तारखेसकट पाठ होती.

मला तिथे तिसरं वर्ष लागलं त्या दिवाळीनंतर एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. मॅडम चांगल्या होत्या. कोणाशी वरच्या आवाजात बोलत नसत.

"तुझं त्यांच्याशी बरं जमतं ना? हे बघ, या वर्षी स्टेट लेव्हलला पहिल्यांदाच न्यूरोडायव्हर्सिटीसाठी अवॉर्ड आहे. ज्यांच्या मेंदूची ठेवण वेगळी असते ना, अशांना सामावून घेणाऱ्या ऑफिससाठी. आपल्याकडे तर ते अकरा वर्षं आहेत. फक्त ऑफिशियली नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही. त्यांनी डिक्लेअर केलं पाहिजे. त्यांना केवढे फायदे मिळतील बघ. कायदा आहे, हक्क आहेत. तू समजाव."

मला ते मनापासून पटलं. एखाद्याला हक्क आहे आणि त्याने फॉर्म भरलेला नाही, हे मला बघवत नाही. मी त्या दुपारी सरांकडे गेले. ओळ संपू दिली. मग सगळं सांगितलं.

"काय मिळेल?" त्यांनी विचारलं.

"शांत जागा."

"खांबामागे बसतो. शांतच आहे."

"ठरलेली वेळ."

"दहा ते सहा. ठरलेलीच आहे."

"सर, पण लोक हसणार नाहीत मग."

"हसतात ते मला कळतं," ते म्हणाले. "त्याने तपासणीत फरक पडत नाही."

तरी त्यांनी फॉर्म घेतला. दोन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी चौथ्या पानावर पट्टी ठेवून माझ्याकडे आणला. 'कामाच्या स्वरूपात योग्य ते बदल करण्यास माझी संमती आहे.'

"योग्य काय ते कोण ठरवणार?"

मी मॅडमना विचारून आले. मॅडम म्हणाल्या, ऑफ कोर्स तेच ठरवणार. मी परत येऊन सांगितलं, "तुम्हीच, सर."

"तुम्ही विचारून आलात?"

"हो."

त्यांनी सही केली. न दाखवलेल्या कागदावर विश्वास ठेवताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

सरकारी रुग्णालयात त्यांना त्यांची बहीण घेऊन गेली. ताई लोणी काळभोरच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. ते त्यांच्याकडेच राहत. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीनंतर अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन ते आले आणि मला म्हणाले, "चाळीस टक्के आहे. उरलेले साठ कोणाचे, असं मी डॉक्टरांना विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नेक्स्ट."

प्रमाणपत्र जानेवारीत मिळालं आणि त्याच महिन्यात आम्हा सगळ्यांचं प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. अशा व्यक्ती शब्दशः अर्थ घेतात. अशा व्यक्तींना मोठा आवाज सहन होत नाही. अशा व्यक्तींशी वाद घालू नका, त्यांना दुरुस्त करत बसू नका, सकारात्मक बोला. प्रत्येक वाक्याला पंचवीस माना खांबाकडे वळत होत्या. सर वहीत लिहून घेत होते. त्यांनी हात वर केला.

"वाद का घालायचा नाही?"

"कारण त्याने ताण येतो ना, सर," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"कोणाला?"

काही जण हसले आणि प्रशिक्षण आठवून मधेच थांबले. ते अर्धवट हसू मला अजून ऐकू येतं. त्यानंतर आमच्या ऑफिसात सरांना कोणी पुन्हा हसलं नाही. 'स्कॅनर' शब्द बंद झाला. सगळे त्यांच्याशी हळू आणि ठासून बोलायला लागले, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं. "गुड मॉर्निंग सर. आज किती छान शर्ट आहे." शर्ट कालचाच असे. ते तसं सांगायचेही. समोरचा म्हणायचा, "हो, हो सर, बरोबर आहे."

निखिल एकदा मला म्हणाला, "भांडाया तोंड शिवशिवतंय गं. पण मॅडमनी ताकीद दिलीय. माझ्या नावावर येतंय उगाच."

पंधरा दिवसांनी कंपनीच्या वकिलांनी एक शंका काढली. अंतिम तपासणीची सही अशा माणसाची आहे ज्याच्या अपंगत्वाचा सरकारी कागद आपल्याच फाइलीत आहे. उद्या एखाद्या प्रकरणात समोरच्या वकिलाने कोर्टात हाच मुद्दा काढला तर? अकरा वर्षांत अशी वेळ आली नव्हती. पण अकरा वर्षं तो कागदही नव्हता. मोठ्या साहेबांनी त्या फॉर्मचं चौथं पान काढलं. सहीचा अधिकार बदलला. तो मला दिला. तात्पुरता, असं सांगितलं.

सरांना मॅडमनी सांगितलं, "तुमच्यावरचा ताण कमी केलाय आम्ही."

"ताण नव्हता."

"तुम्हाला बरं वाटेल बघा."

त्यांचं टेबल रिकामं झालं. ते दहाला यायचे, पट्टी काढायचे, टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचे आणि सहापर्यंत बसायचे. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले. त्यांच्या फाइली तेव्हा माझ्यासमोर होत्या.

"माझं टेबल रिकामं आहे."

"थोडी विश्रांती घ्या, सर."

"कशापासून?"

मला ते बघवेना. त्यात अवॉर्डची समिती ऑफिस बघायला येणार होती, आणि समितीला सर काम करताना दिसायला हवे होते. मग मीच मॅडमना सुचवलं की बंद झालेल्या जुन्या फाइली त्यांना देऊ या. चाळत बसतील, मन रमेल. कल्पना माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुला माणसं कळतात."

रेकॉर्डच्या खोलीतले काका म्हणाले, "कारण लिहा. कारणाशिवाय फाइल निघत नाही." चिठ्ठीवर छापलेली कारणं दोनच होती. न्यायालयीन काम आणि पुनर्तपासणी. मी दुसऱ्यावर खूण केली. काकांनी वीस फाइली काढल्या, आणि पुनर्तपासणी म्हणजे पिवळं कव्हर, म्हणून प्रत्येकीला पिवळं कव्हर चढवलं. नियमच तो. त्यांनीही कागदाप्रमाणे केलं, मीही कागदाप्रमाणे केलं. मी तो गठ्ठा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी वरच्या फाइलीचा नंबर पाहिला. "ही मी केलीय."

"हो सर. पुन्हा एकदा बघा."

त्यांनी गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत कव्हरं मोजली. "वीस," ते म्हणाले. "बँकेचं पत्र आलंय?"

"वरून आलंय," मी म्हणाले.

त्यांनी पट्टी पहिल्या ओळीखाली धरली.

तुम्हाला वाटेल, हिला तेव्हाच कळायला हवं होतं. हो, हवं होतं. ज्या माणसाला आपल्या दोन पिवळ्या कव्हरांच्या तारखा पाठ होत्या त्याच्यासमोर मी एका दिवसात वीस ठेवली, आणि जागेवर येऊन मला समाधान वाटलं. वीस संपल्यावर आणखी वीस. मग तीस. ते आठला यायला लागले. जेवायला उठेनासे झाले. डबा तसाच परत जायचा. गालावर दाढीचे खुंट दिसायला लागले, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. एकदा मी विचारलं, "सर, बरं आहे ना?"

"अजून सापडलेली नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, कुठली तरी ओळ.

मी मॅडमना सांगितलं की सर फार जास्त बसतायत. मॅडम म्हणाल्या, "एंगेज्ड आहेत गं. हेच तर आपल्याला हवं होतं." समिती येऊन गेली. समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांच्या खांद्यामागून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "काय ही एकाग्रता."

अवॉर्ड मिळालं. एप्रिलमध्ये एका मोठ्या सभागृहात समारंभ झाला. शासनाने अशा माणसांची आणि त्यांच्या कामाची जाहीर दखल घेण्याची ही पहिलीच वेळ, असं निवेदिका म्हणाली, आणि मला भरून आलं. खोटं सांगत नाही. मला माझी शिष्यवृत्ती आठवली. निवेदिकेने विनंती केली की आज टाळ्या वाजवायच्या नाहीत, आवाजाचा त्रास होतो, त्याऐवजी हात वर करून पंजे हलवायचे. मग पाहुण्यांच्या स्वागताला तुतारी वाजली. तुतारीवाला सरांपासून चार हातांवर उभा होता. सर कान झाकून खाली बसले. मॅडमनी त्यांना उठवलं, शर्ट सरळ केला आणि मंचावर नेलं.

निवेदिकेने वाचलं, "संस्थेत ते अंतिम तपासणीची अत्यंत महत्त्वाची जबाबदारी सांभाळतात." आणि माइक त्यांच्यासमोर धरला. "दोन शब्द, सर?"

"अंतिम तपासणी फेब्रुवारीपासून माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "सध्या मी माझी चूक शोधतोय."

मग पाहुणे हलकेच हसले, मान डोलावली आणि पहिले त्यांनीच हात वर केले. मग सगळ्यांनी केले. पाचशे माणसांचे पंजे हवेत हलत होते आणि अजिबात आवाज नव्हता. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती नम्र आहेत." मीही हात वर केले होते.

खाली उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "ते हात हलवून नाही म्हणत होते का?"

"नाही सर. ते कौतुक करत होते."

"कशाचं?"

मी म्हणाले, "तुमचं."

पुढच्या महिन्यात एका सोमवारी ते आले नाहीत. त्यांच्या टेबलावर दोनशे दहा पिवळी कव्हरं होती, चार सारख्या गठ्ठ्यांत, आणि एक एक गठ्ठा कडेला समांतर. उरलेल्या दोन वर. प्रत्येक फाइलीत चूकपत्रक होतं. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात एकच ओळ. 'चूक आढळली नाही.' खाली सही, तारीख, आणि शोधायला लागलेला वेळ. पहिल्या पत्रकावर एक तास होता. शेवटच्यांवर सहा तास, सात तास. सगळ्यांत वर राजीनामा. 'माझ्या दोनशे दहा फाइलींत चुका झाल्याचे मला कळवण्यात आले. त्यांपैकी एकही मला शोधता आली नाही. स्वतःची चूक न दिसणारा माणूस या कामास योग्य नाही. योग्य काय ते मी ठरवायचे असल्याने मी हे ठरवले आहे.'

तो कागद मी उभ्यानेच वाचला. मग बसले.

निखिलने माझ्या हातून घेऊन वाचला. मग म्हणाला, "आपण पट्टी लपवली हुती ते परवडलं."

राजीनामा मंजूर झाला. मॅडमना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, कितीही केलं तरी अशा लोकांना बदल झेपत नाही.

त्या रविवारी मी लोणी काळभोरला गेले. ताईंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं.

"तुम्हीच का त्या फॉर्मवाल्या," त्या म्हणाल्या. "या. आज सुट्टी आहे त्याची, म्हणून भेटेल. एरवी दहा ते सहा उठत नाही."

आतल्या खोलीत टेबलावर शाळेच्या दोनशे पानी वह्यांची चळत होती. वरची उघडी होती. मी वाकून पाहिलं. फाइल नंबर, गावाचं नाव, गट नंबर, मालकांची नावं, नोंदींच्या तारखा. जशीच्या तशी एकेक फाइल ते आठवून उतरवून काढत होते, कारण मूळ कागद ऑफिसात राहिले होते.

"सर," मी म्हणाले, "त्या फाइलींत चूक नव्हती. एकाही नव्हती. बँकेचं कोणतंच पत्र आलं नव्हतं. तुमचं टेबल रिकामं दिसू नये म्हणून त्या मी मागवल्या. पिवळं कव्हर माझ्या चिठ्ठीमुळे चढलं. वरून आलंय असं मी म्हणाले ते खोटं होतं."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही सर. खरं सांगतेय."

"जानेवारीपासून मला कोणी चूक म्हणालेलं नाही," ते म्हणाले. "ते खरं आहे की नाही ते मी तपासलं. निखिलला म्हणालो, खरेदीखतावर विकणाऱ्याची सही नसली तरी चालते. तो म्हणाला, बरोबर आहे सर. मोठ्या साहेबांना म्हणालो, आज गुरुवार आहे. सोमवार होता. ते म्हणाले, हो ना. मार्चमध्ये पाण्याच्या मशीनपाशी तुम्हाला म्हणालो, मुलीचं नाव गळलं असलं तरी फाइल मंजूर करायला हरकत नाही. तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. हातात बाटली होती, ती भरत होती. मी हसून म्हणाले होते, हो सर, काही हरकत नाही.

"तुम्ही हो म्हणालात," ते म्हणाले. रागाने नाही. नोंद वाचावी तसं. "काम मीच तुम्हाला शिकवलं होतं. तरी हो म्हणालात. म्हणून आता तुमचं म्हणणं धरता येत नाही. कागद दाखवा."

"कशाचा कागद, सर?"

"चूक नव्हती याचा."

असा कागद नसतो. चूक झाल्याचा असतो, चूक नसल्याचा कोणी करत नाही. मी त्यांना तेही सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "माझ्या सुट्टीतला अर्धा तास गेला."

ताई दारापर्यंत आल्या. "चहा नाही विचारला," त्या म्हणाल्या. "विचारणारही नाही." दार लोटलं.

अंतिम तपासणी अजून माझ्याकडेच आहे. तात्पुरता हा शब्द कधी गेला ते कळलं नाही. ऑफिसच्या दाराशी काचेच्या कपाटात अवॉर्ड आहे आणि त्यामागे त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलाय. नवीन आलेल्या मुलांना मॅडम तो आवर्जून दाखवतात.

त्या रविवारी मी लगेच घरी गेले नाही. जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबले. वरच्या उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. सुट्टी मोडून त्यांनी पुन्हा वही काढली असावी. कुठल्याशा गावची नोंद ते पुटपुटत होते. मयताचं नाव, त्याची बायको, तीन मुलगे, चार मुली, त्यांतली एक लग्न होऊन परगावी. मग तिची मुलं. मी भिंतीला टेकून ऐकत राहिले. एकही नाव गळत नव्हतं.